पोस्टाने शिकलेलं तळं

माझ्या नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासूनच शहाणी आहे. त्यांचा हा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही; म्हातारपणी तेवढंच सुख. पण तुम्ही काही माझ्या घरात जेवायला येणार नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. नव्वदच्या सुमाराला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एक बाई राहत होती. तिशी उलटलेली, अंगानं काटकुळी, आणि स्वतःबद्दलचं मत एवढं मोठं की खोलीच्या दारातून आधी ते आत यायचं, मग बाई. ती बाई म्हणजे मी.

नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. सासर चिखलोलीकडचं, जुनं शेतकरी घर. थोडी भाताची जमीन आणि तिच्या कडेला एक भला मोठा खड्डा. कधीकाळी वीटभट्टीवाल्यांनी तिथली माती उचलली होती. भट्टी गेली, खड्डा राहिला. तळाशी कुठेतरी जिवंत झरा होता, त्यामुळे उन्हाळ्यातही पाणी आटायचं नाही. म्हशी डुंबायच्या, बायका गोधड्या धुवायच्या. बाकी कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

मग बदलापूरच्या बाजूला इमारती उगवायला लागल्या आणि माझ्या धाकट्या दिराला त्या खड्ड्यात चार मजले दिसायला लागले. भराव टाकू, बिल्डरला देऊ, सगळ्यांना एकेक ब्लॉक मिळेल, असं त्याचं चाललेलं. जमीन सासूच्या नावावर. तिनं मान हलवली की खड्डा संपला.

आणि नेमकं तेव्हाच मला एका जाहिरातीनं पछाडलं. घरबसल्या, पत्राद्वारे, अर्धवेळ: ‘शाश्वत मत्स्यशेती’.

‘शाश्वत’ हा शब्द मला फारच आवडला. मासे, आणि तेही शाश्वत! कीर्तनात बसल्यासारखं वाटलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर वाक्य होतं, ‘निसर्गाकडून जे घ्यायचे ते निसर्गाला परत करायचे.’ दुसरं पान उघडायच्या आधीच माझं ते सगळ्या चाळीला ऐकवून झालं होतं. ऐकवताना मान जरा तिरकी ठेवायची, असं मी ठरवलं होतं. नवरा म्हणाला, ‘मान अवघडलीय का तुझी?’

सासूला ऐकवायला गेले तेव्हा ती ओटीवर बोंबील साफ करत बसली होती.

‘पोस्टानं शिकवतान?’ तिनं विचारलं.

‘हो आई. पुस्तकं घरी येतात.’

‘आन् मासं? तं पन पोस्टानं येतान का गो?’

मी न हसता तिला माझी मागणी सांगितली. एक वर्ष द्या. पुढच्या दसऱ्याला या खड्ड्यातला मासा तुमच्या ताटात पडला नाही, तर खुशाल भराव टाका. दीर खो खो हसला. सासूनं बोंबलाचं डोकं उडवलं आणि म्हणाली, ‘बरं. दसऱ्यापावत. मंग मना कोनी काय बोलाचा नाय.’

खरं सांगायचं तर मासे हे निमित्त होतं. त्या घरात भांडी सासूची, शेत दिराच्या ताब्यात, कॅम्पातली खोली भाड्याची. माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. खड्डा कुणालाच नको होता, म्हणून तो मला माझा वाटायला लागला. इतर बायका पाटल्या मागतात. हिनं खड्डा मागितला, आणि वर ऐट अशी की जणू समुद्रच मागितला.

तर अभ्यास सुरू झाला. रविवारी उल्हासनगरात एका कॉलेजच्या वर्गात संपर्कसत्र असायचं. तिथे मी पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारायचे. उत्तर मिळावं म्हणून नव्हे, प्रश्न ऐकू जावा म्हणून. स्वाध्याय तर असे लिहायचे की तपासणाऱ्याचे डोळे दिपावेत. ‘मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागल्यास पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे असे समजावे. खाद्य ताबडतोब थांबवावे व पाणी ढवळावे.’ हे माझ्या हातचं वाक्य. सुंदर अक्षर, शब्दांखाली पट्टीनं रेघ. शेजारी लाल शाईत ‘छान!’ आलं होतं. तो कागद मी नवऱ्याला, घरमालकिणीला आणि दुधवाल्याला दाखवला.

खड्ड्यात मी चुना मारला, शेण टाकलं, म्हशींना हाकललं. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पिशव्यांतून आणून सोडली. आणि आश्चर्य म्हणजे ती जगली. वाढलीही. वर्ष सरत आलं तसे हाताएवढे मासे पाण्यात पाठी दाखवायला लागले. इथवर सगळं पुस्तिकेप्रमाणे झालं होतं. म्हणजे मी अजून माझं डोकं वापरलं नव्हतं.

ते वापरलं घरमालकिणीमुळे. ती सिंधी, अंगानं भारदस्त, मला ‘अदी’ म्हणायची, म्हणजे ताई. पावसाळ्यात त्यांचं झुलेलालचं चाळीस दिवसांचं व्रत असतं. पाणी हेच त्यांचं दैवत. पाण्यात तांदूळ-साखर सोडायची, त्याला अखो म्हणतात. आणि माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. त्या वर्षी ती कपाळाला हात लावून बसली होती.

‘अदी, डालूं किधर? नाले में मछली किधर है? साबुन का झाग है खाली.’

‘अरे, तो मेरा तालाब है ना!’ मी म्हणाले. माझं हिंदी कॅम्पातलं आणि उत्साह कॅम्पाबाहेरचा. ‘सबको लेके आओ!’

पेंड नको, कोंडा नको. फुकटचं खाद्य, तेही भक्तिभावाने. पुण्य त्यांना, मासे मला. याच्याहून शाश्वत काय असणार? पुढच्या स्वाध्यायात मी लिहिलं, ‘स्थानिक समाजाच्या श्रद्धेचा पूरक खाद्यासाठी उपयोग करता येतो.’ त्यावर लाल शाईत आलं, ‘कल्पक!’ म्हणजे मूर्ख मी एकटीच नव्हते. पण तपासणारा निदान पगार घेत होता.

बायका टेंपो करून यायला लागल्या. एकीनं मूठ टाकली की दुसरी दोन टाकायची. भक्तीत मागे कोण राहणार? कणकेचे गोळे, तांदूळ, साखर, उरलेला प्रसाद, सगळं माझ्या खड्ड्यात. मी काठावर उभी राहून त्यांना नमस्कार करायचे, देवळाच्या ट्रस्टीसारखी. त्यात आभाळ भरलेलं, ऊन म्हणून नाही. पाणी हिरवं होतं ते गढूळ, शेवाळी आणि मग वासाचं झालं. मला तो वास समृद्धीचा वाटला.

व्रत संपायच्या दिवशी मी सासरीच होते. सकाळी खड्ड्यावर गेले आणि थबकले. सगळे मासे वर आलेले! पाण्याच्या कडेपासून कडेपर्यंत तोंडंच तोंडं. उघडतायत, मिटतायत, उघडतायत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

‘आई! अहो आई, इकडे या! बघा, ओळखतात मला!’

सासू पदराला हात पुसत आली. तोंडं पाहिली, मला पाहिलं.

‘तुला वलखून कोनीव तोंड उघडा टाकील, बाय. त्यान नवल काय?’

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. जी लेकरं आपल्याला बघून तोंड उघडतात त्यांना उपाशी कसं ठेवायचं? घरातून घमेलंभर कोंडा आणला आणि प्रेमानं उधळला.

तेवढ्यात टेंपो आला. शेवटचा दिवस, त्यामुळे बायका जास्त, थाळ्या मोठ्या, कणकेचे दिवे, गाणी. घरमालकीण पुढे होऊन वाकली आणि तशीच राहिली.

‘अदी, ये वाली उलटी क्यूं तैर रही है?’

कटला होता. पोट वर, पांढरं. त्याच्या पलीकडे आणखी एक. आणि बाकीची तोंडं तशीच, उघडतायत, मिटतायत.

मग कुठे मला माझं सुंदर अक्षर आठवलं. पट्टीनं मारलेल्या रेघेसकट.

‘मत डालो!’ मी किंचाळले. ‘कुछ मत डालो! पानी हिलाओ! मारो पानी को!’ आणि लुगड्याचा काचा न मारता, चप्पल न काढता मी त्या वासाच्या पाण्यात उडी टाकली. हातांनी, पायांनी, घमेल्यानं पाणी बडवायला लागले. बायकांना काय वाटलं कोण जाणे; शेवटच्या दिवसाचा काही महाराष्ट्रीय प्रकार असावा असं समजून त्याही उतरल्या. थाळ्यांनी पाणी उडवायला लागल्या आणि गाणी तर चालूच. सासू सुद्धा माझ्या बाजूला पाण्यात शिरून सूप आपटत होती, माझ्या नावानं बोटं मोडत.

आणि आम्ही या अवस्थेत असताना दीर बिल्डरला घेऊन आला. दसरा दीड-दोन महिन्यांवर आलेला, म्हणून तो जागा दाखवायला आणत होता. बिल्डर कॅम्पातलाच, सिंधी. पांढरी पँट, हातात गाडीची किल्ली. तो खड्ड्याच्या काठावर आला, थाळ्या पाहिल्या, दिवे पाहिले, गाणं ऐकलं. आणि त्यानं चपला काढल्या.

‘शेठ, काय नाय, आमची वैनी जरा अशीच हाय,’ दीर घाईनं म्हणाला. ‘आप जगह देखो ना.’

‘चुप बैठ. यहां पूजा चल रही है.’

‘पूजा नाय ओ शेठ! मछली मरती है, मछली!’

शेठनं हात जोडले, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला. मग दिराकडे वळून म्हणाला, ‘जिस पानी में हमारी औरतों ने अखो डाला, उसमें मैं मलबा डालूं? घर में मुंह कैसे दिखाऊं, साईं? तू दूसरा आदमी देख.’

आता गप्प बसणं एवढंच माझं काम होतं. पण ही बाई! छातीएवढ्या पाण्यातून हिनं शास्त्रशुद्ध खुलासा करायला तोंड उघडलं. ‘नहीं सेठ, ये पूजा नहीं है, इसमें प्राणवायू...’

सासूनं पाण्याखालून असा चिमटा काढला की पुढचे शब्द पोटात गेले.

अर्धे मासे मेले, अर्धे वाचले. दिराला दुसरा माणूस मिळाला नाही. गोष्ट कॅम्पात फिरली होती, ज्याला विचारावं तो कानाला हात लावायचा. दसऱ्याला सासूच्या ताटात रोहू पडला. तिनं तो काट्यांपर्यंत चोखला आणि ‘चिखल लागतोय’ म्हणाली. पण बोललेलं पाळलं. खड्डा राहिला. मी परीक्षाही पास झाले. गावात मात्र मी सांगत फिरले की दीर माझ्या अभ्यासापुढे हरला. आणि सांगताना मान पुन्हा तिरकी.

अडचण पुढच्या वर्षी कळली. बायकांना येऊ द्यावं तर मासे मरणार. त्यांना येऊ नका म्हणावं तर खड्डा पुन्हा नुसता खड्डा, आणि भरावाचे ट्रक दारात. तेव्हा व्रताचे दिवस आले की मी काठावर हवालदारासारखी उभी राहायचे. ‘चिमटी से डालो, मुट्ठी से नहीं!’

‘अदी, भगवान को कोई चिमटी से देता है?’

‘भगवान को मुट्ठी से दो. मछली को चिमटी से.’

बायका कुरकुरत का होईना, ऐकायच्या. ऐकत नव्हती फक्त सासू. मी पाठ फिरवली रे फिरवली की ती घरातून ओंजळभर तांदूळ आणून पाण्यात सोडायची. मी ओरडले तर शांतपणे हात झटकायची.

‘तुजा इज्ञान तुज्यापाशी,’ म्हणायची. ‘खड्डा कोनी राखला तं मना म्हाईत हाय.’