मांजर धरणारे आप्पा

सुई टोचण्यापूर्वीच आप्पा मांजराला "आयतु, आयतु" असे सांगत. कानडीत आयतु म्हणजे झाले. मांजर त्यावर विश्वास ठेवून अंग सैल सोडी आणि त्याच क्षणी डॉक्टरीणबाई मानेमागची कातडी उचलून लस देत. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी म्हणालो, "आप्पा, हे खोटे बोलणे झाले." मांजरावरची नजर न काढता ते म्हणाले, "खोटं न्हाय साहेब. आगाऊ खरं हाय."

आप्पा लस टोचत नसत, ते धरीत. त्यांची सारी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात झाली. हुद्दा 'व्रणोपचारक'. छापखान्यात आयुष्यभर मुद्रिते तपासलेल्या मला तो शब्द आवडला. आप्पांना तो धड उच्चारता येत नसे. "मी धरणारा," एवढीच ओळख ते करून देत. निवृत्तीनंतर भवानी पेठेत एका खोलीत एकटे राहत आणि खासगी डॉक्टरीणबाईंबरोबर घरोघर जात. बाईंच्या हातात बर्फाची पेटी, आप्पांच्या खांद्यावर जुन्या चादरीचा अर्धा तुकडा. त्यावर विणलेला मोरही अर्धाच उरला होता. त्या तुकड्यात ते मांजर असे गुंडाळीत, की तोंड आणि मान तेवढी बाहेर राही. "दाबायचं न्हाय," ते म्हणत. "दाबलं की त्याला वाटतं, काय तरी होणार. नुसतं हात ठिवायचा."

माझी पत्नी गेल्यानंतर दीड महिन्याने ते प्रथम घरी आले. मांजरीचे पिल्लू पत्नीने आणले होते. त्याला लस द्यायची, असे ती म्हणत होती. तेवढ्यात तीच दवाखान्यात गेली. त्या सुमारास शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तीन पिल्ले ओकून ओकून मेली. समोरच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "काका, एकाला झालं की सगळ्यांना लागतंय ते. टोचून घ्या की." मला मांजरांची आवड नव्हती, आजही नाही. परंतु पत्नीच्या मागे घरात तिचे असे जिवंत ते एकच उरले होते. ते मरू नये, एवढेच मला हवे होते.

बाई लस भरीत होत्या. आप्पा कार्ड भरीत होते. "नाव?" त्यांनी विचारले. मांजरी पत्नीची, म्हणून मी पत्नीचे नाव सांगितले : सुमती. "आणि तुमचं?" मी माझे सांगितले. संध्याकाळी चष्मा लावून कार्ड वाचले. प्राण्याचे नाव : सुमती. मालकाचे नाव : माझे. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईने खुणा करण्यात माझा जन्म गेला. त्या दिवशी पेन उचलले आणि परत ठेवले.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने ते नाव मीच लिहिले होते. त्यानंतर ते तिच्यासमोर उच्चारण्याचा प्रसंग आला नाही. आमच्यात नवरा बायकोला नावाने हाक मारीत नसे. मी तिला 'अगं' म्हणे. ती मांजरीलाही 'अगं' म्हणे, त्यामुळे मी 'अगं' म्हटले की दोघी वळून पाहत. गल्लीत ती सर्वांची काकू. नाव होते ते रेशनकार्डावर, आणि शेवटी दवाखान्याच्या कागदांवर.

चार आठवड्यांनी दुसरा डोस होता. गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटा वाजली आणि पाठोपाठ हाक आली, "सुमतीऽ! हायस का घरात?"

मी हातातला कप खाली ठेवला. हाक म्हणून ते नाव मी प्रथमच ऐकत होतो.

पुढे ती हाक नेहमीची झाली. गल्लीत आणखी चार-पाच घरी मांजरे होती. त्यांच्याकडे जाता-येता आप्पा माझ्या खिडकीखाली थांबून हाक मारीत. मांजरीला ते नाव समजू लागले. ती उठून गजांशी जाई. मी वर्तमानपत्र वाचीत असल्यासारखा बसून राही.

एक दिवस शेजारीणबाईंना राहवले नाही. "अवो आप्पा, मांजराचं नाव न्हाय ते! आमच्या काकूंचं हाय की!"

दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच आले. टोपी हातात होती. "चूक झाली साहेब. कार्ड द्या, दुरुस्त करतो."

"राहू द्या," मी म्हणालो. मुद्रितावर केलेली दुरुस्ती मागे घ्यावयाची असली की समासात आम्ही हेच दोन शब्द लिहीत असू.

आप्पांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. बशीतून चहा प्यायले आणि गेले. पुढच्या खेपेला हाक बदलली होती. "सुमतीबाई, या की भाएर! डॉक्टर आल्यात!" शेजारीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आप्पा हसले नाहीत.

अशी पाच-सहा वर्षे गेली. आम्ही मित्र नव्हतो. एकदा त्यांनी सहज म्हटले, "एकटं मांजर लवकर खंगतं साहेब. तुमी दोघं हाय, ते बरं हाय."

"आणि तुमचे काय?"

"माजी लई मांजरं हायत की," ते म्हणाले; आणि चादरीच्या घडीवरचे केस वेचू लागले.

गेल्या वर्षीच्या लशीच्या वेळी चादरीत मांजरी प्रथमच ताठरली. आप्पांचा हात थरथरत होता. "हात कापतोय," ते म्हणाले. "माणसाला दिसतं, मांजराला कळतं." मुलगा वळसंगला शेती पाहत होता, त्याच्याकडे जायचे ठरले होते. निघताना त्यांनी चादर खांद्यावर टाकली आणि माझ्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, तळवा ठेवला. दाबला नाही. "आयतु साहेब," ते म्हणाले. लस झाली, असे सांगत आहेत असे मी समजलो.

यंदा डॉक्टरीणबाई एकट्या आल्या.

"आप्पा?" मी विचारले.

"उन्हाळ्यात गेले, काका." त्यांनी पिशवीतून अर्ध्या मोराचा तुकडा काढला. "मुलानं पाठवलाय. धरायला आता कोणी नाही. तुम्हीच धरा."

खिडकीखालून हाक न येताच दार उघडले, म्हणून मांजरी बिचकली होती. ती पलंगाखाली, भिंतीला चिकटून बसली. बाईंनी लस भरून ठेवली होती. "लवकर बघा काका. बर्फाबाहेर फार वेळ चालत नाही ही."

"ये," मी म्हणालो. ती हलली नाही. "अगं," म्हणालो. त्या हाकेला या घरात आता कोणी वळत नाही.

मी गुडघे टेकून खाली वाकलो. बाई दाराशी उभ्या होत्या. क्षणभर त्या तेथे नसत्या तर बरे, असे वाटले.

"सुमती," मी म्हणालो. आवाज लहान निघाला. दुसऱ्यांदा नीट निघाला.

ती बाहेर आली. मी तिला चादरीत गुंडाळले. दाबले नाही. बाईंनी मानेमागची कातडी उचलली.

"आयतु," मी म्हणालो. सुई अजून बाईंच्या हातातच होती.