नाकमुरडीचा विसावा

हॉटेलच्या धुलाईघरात तिला सगळ्याजणी नाकमुरडी म्हणायच्या. म्हणेनात बापड्या! दिवसभर परक्यांच्या चादरी झटकायच्या, त्यांतले केस, नखं आणि देव जाणे काय काय वेचायचं, मग माणूस नाक मुरडणार नाही तर काय करणार? पहाटेची पाळी संपवून ती दुपारी घरी यायची, अंघोळ करायची आणि आपल्या हाताने धुतलेल्या चादरीवर कुशीवर पडून तासभर गाणी ऐकायची. जिवाला तेवढाच काय तो विसावा.

त्यात नवऱ्याने माती कालवली. निवृत्त झाल्यापासून तो शेजारीच लोळत मोबाइल बघायचा. आणि बघायचा काय, तर कान साफ करायचे व्हिडिओ! कोणीतरी चिमट्याने मळाचा गोळा ओढतोय, तो चिकट चिकट आवाज येतोय, आणि हा गडी मिटक्या मारतोय. ती पाठ फिरवायची. निदान आवाज तरी बंद करा म्हणून किती वेळा सांगून झालं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती हेडफोन घ्यायला गेली.

दुकानात तरी सुटका असावी की नाही? कानात घालायची बोंडं दाखवली, तर त्यांवर आधीच्या कुणाचा तरी पिवळा मळ. मोठ्या वाट्यांचा हेडफोन आला, त्याच्या गाद्या तेलकट. विक्रेत्याने ज्या रुमालाने मान पुसली होती, त्यानेच त्याही पुसून दिल्या. शी! तरी तिने मधे आपली ओढणी धरून तो घातला आणि सरळ काउंटरवर आडवं डोकं टेकलं. कुशीवर झोपणाऱ्याला उभ्याउभ्या काय कळणार? वाटी कानात अशी रुतली की ती कळवळली. मग निघाली एक मऊ कापडी पट्टी, कपाळावरून बांधायची, आत पापडासारखे चपटे स्पीकर. ते काढून पट्टी धुता येते म्हटल्यावर तिने किंमतही विचारली नाही. फक्त बंद खोक्यातली द्या म्हणाली.

घरी येऊन तिने पट्टी धुतली. दुसऱ्या दुपारी ती बांधून कुशीवर वळली. रुतेना, टोचेना. गाणं सुरू झालं आणि तिचे डोळेच भरून आले.

इतक्यात पट्टी वर सरकली. नवरा टॉर्च घेऊन तिच्यावर वाकला होता. तोंडाला वास, हातात केसांची पिन.

"हलू नकोस," तो लाडाने म्हणाला. "बघू तरी, तुझ्या कानात किती साचलंय."

तिने त्याचा हात झटकला. ती उठून बसली.

"अहो, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपायचं. आज आणि रोज."

त्याला आधी गंमत वाटली. मग तिचं तोंड बघून तो आपली उशी घेऊन गेला. तिने चादर बदलली, दाराला कडी लावली, पट्टी काढून ठेवली आणि गाणं मोठ्याने लावलं.