हकीमांचा उजवा हात

हकीमांची तीन बोटं माझ्या काठीनं मोडली. हे मी आजवर कुठंच लिहिलेलं नाही.

राज्य बदललं त्या आठवड्यातली ही गोष्ट. त्याआधी आमच्या भागात गावं जळली होती, माणसं मारली गेली होती. मग फौज आली आणि काठ्या आमच्या हाती आल्या. हकीमांचा त्या जाळपोळीशी काही संबंध नव्हता; जाळणारे त्यांच्या धर्माचे होते, एवढंच. भाजलेल्यांना मलम त्यांनीच लावलं होतं. तरी आम्ही पंधरा-वीस जण त्यांच्या दारात गेलो. केसांना धरून त्यांना ओट्यावरून खाली ओढलं. कुणी लाथा घातल्या, कुणी औषधांच्या बरण्या दगडावर फोडल्या. डोकं वाचवायला हकीमांनी उजवा हात वर धरला. माझी काठी त्या हातावर बसली. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एकदा मारलं. पहिला फटका गर्दीच्या नादात बसला असं म्हणता येईल. दुसऱ्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

ते बहिणीकडे ठाणाकुशनूरला निघून गेले. आमच्या आसपासच्या पाच-सहा गावांत इलाज करणारे तेवढेच होते.

चार वर्षांनी मला सरकारी काम मिळालं. खेड्यांतल्या लोकांना औषधपाणी कुठं मिळतं, याची पाहणी. छापील पत्रक होतं: जवळचा दवाखाना किती मैल, गाडीनं किती वेळ लागतो, गावात इलाज करणारं कुणी आहे का, आणि शेवटी शेरा. चिंताकीकडची गावं संपवून मी आमच्या गावी आलो. सकाळी आमच्याच ओसरीवर पत्रक भरायला बसलो होतो, तेवढ्यात अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, चौघांनी उचलून आणलं.

बैलानं मांडीत शिंग घालून त्याला वर फेकलं होतं. मांस फाटून लोंबत होतं. वहिनीनं जखमेत लुगड्याचा बोळा कोंबला आणि दोन्ही मुठींनी दाबून धरला. आम्ही गाडी जुंपली. तालुक्याचा दवाखाना अकरा मैल. वेशीपर्यंतच्या हिसक्यांनीच रक्त असं उसळलं की बैलांच्या पाठी लाल झाल्या. त्याला परत आणावं लागलं.

"हकीमाला आणा की कुणीतरी!" वहिनी ओरडली.

कुणी हललं नाही.

"कामून गप उभारलात? हाणायला गेलात तवा घर गावलं हुतं की!"

मी सायकल काढली.

हकीम बहिणीच्या दारात बाजेवर बसून डाव्या हातानं चहाची बशी तोंडाला लावत होते. उजवा हात मांडीवर पालथा होता, मधली तीन बोटं आत वळलेली. मी कुणाचा कोण ते सांगू लागलो.

"वळखतो," ते म्हणाले. "बारका हुतास तवा तुझ्या मानेवरचं गळू मीच फोडलं. लई बोंबललास, सगळी गल्ली जमली हुती." मग म्हणाले, "अब कामून आलास? डावा राहिलाय, म्हणून?"

मी अण्णाचं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"नक्को जाव, भाई!" आतून बहीण ओरडली. "मार डालते उनो!"

हकीम उठले. पिशवी माझ्या हातात दिली. "चल. पर चिमटीत कायबी धरता येत न्हाई मला. तू धरायचंस."

घरी आल्यावर त्यांनी डाव्या हातानं जखम उघडी केली. "हितं, खाली रग फाटलीय. तिचं तोंड पकड, मंग बांधू." मी बोटं मांसात घातली. गरम रक्तात ती रग, ती रक्ताची शीर, गांडुळासारखी निसटत होती. तिघं अण्णाच्या अंगावर बसले होते आणि तरी तो गुरासारखा ओरडत उसळत होता.

"पकड! हात कामून थरथरायलाय? त्या दिशी थरथरला नव्हता. दोन हाणलास."

सगळ्यांनी ऐकलं. अण्णानंही. त्याचं ओरडणं थांबलं.

"तू व्हय?" तो म्हणाला.

मी पुन्हा बोटं आत घातली. रग पुन्हा निसटली. हकीमांनी मला कोपरानं बाजूला ढकललं आणि डाव्या हातानं जखम उघडी धरून स्वतःचा उजवा हात आत घातला. अंगठा आणि करंगळी एवढीच बोटं चालत होती. त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. ती दोन बोटं एकमेकांना पोचली नाहीत.

दुपारी अण्णा गेला.

हकीमांनी हात धुतले. माझ्या सायकलवर बसायला ते नको म्हणाले. पायीच गेले.

तेराव्यानंतर मी पुन्हा ते पत्रक पुढ्यात घेतलं. वहिनी खांबापाशी येऊन उभी राहिली.

"भावजी, दवाखाना किती मैल, ते लिवा. अन् आपल्या गावात हकीम कामून न्हाई, ते बी लिवा."

मी अकरा मैल लिहिलं. इलाज करणारं कुणी आहे का, त्यापुढं 'नाही' लिहिलं. दुसऱ्या गोष्टीला कागदावर जागाच नाही, असं तिला सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं. शेऱ्याचा रकाना अर्ध्या पानाचा होता.