झाकणावरची कुंकवाची बोटं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर तिच्या दुर्बिणीवरची ताडपत्री बांधत होते. आभाळ भरून आलं होतं. फोन ठेवला आणि आधी गाठ पक्की मारली... दुर्बीण भिजली असती तर अक्काने मला सोडलं नसतं.

अक्का माझी थोरली नणंद. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तिने ही परातीएवढ्या आरशाची दुर्बीण घेतली. पहिल्या आयुधपूजेला मी शिलाई मशीनला, स्कूटरला कुंकू लावत आले आणि बोट थेट आरशाकडे नेलं. तिने मनगट धरलं. "आरशाला नको गं, झाकणाला लाव." तेव्हापासून दरवर्षी झाकणावर कुंकवाचं एक बोट.

तिला कृत्तिकांभोवतीच्या निळ्या तेजोमेघाचा फोटो हवा होता. हा तेजोमेघ म्हणजे धूळच, पण जवळच्या ताऱ्यांच्या उजेडात उजळलेली. माझे यजमान चिडवायचे, "अक्का, आपल्या चामराजपेटेत धूळ कमी पडली का?" ती म्हणायची, "तुझ्या स्कूटरवरची धूळ निळी आहे का रे?" गच्चीवरून फोटो पांढुरका यायचा, शहराच्या दिव्यांमुळे. मग ती टेम्पो करून होसूरपलीकडच्या शेतात जायची, तर तिथे नेमके ढग.

गेल्या हिवाळ्यात तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडू नका सांगितलं. हे म्हणाले, "अक्का, यंदा नको." पुढच्या हिवाळ्याचा भरवसा नाही हे तिला कळत होतं, मलाही... मी कधी चारचौघांत तोंड उघडत नाही. पण म्हणाले, "मी जाते बरोबर."

"सरी, ठरलं तर," अक्का लगेच उठली. "टेम्पो सांग."

शेतात तिने शालीतून हात काढला तर तो थरथरत होता. दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याला जराही धक्का चालत नाही.

"बटण तू दाब."

"मी? मी चौथी शिकलेली, अक्का."

"बटणाला यत्ता लागते का?"

ती खुर्चीत बसून "हं... आता" म्हणायची आणि मी श्वास रोखून दाबायची. आभाळ स्वच्छ राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने ते सगळे फोटो कंप्युटरवर एकावर एक बसवले. ताऱ्यांभोवती निळं धुकं उमटत गेलं, पिंजलेल्या कापसासारखं. अक्का हसायला लागली ती थांबेचना. यांना हाक मारली, "ये, धूळ बघ." हे पडद्याशी वाकले. मग स्वतःच तो फोटो मोठा करून आणला आणि देवघराशेजारी लावला.

परवा आयुधपूजा झाली. जुन्या बोटांशेजारी मी नवं बोट उमटवलं, हात पुसला आणि झाकण उघडलं. आरसा लख्ख होता. हे मागे उभे होते. हळूच म्हणाले, "आता ही कोण वापरणार?"

"टेम्पो सांगा," मी म्हणाले.