सहावी जागा

"बोटं अंदर?"

गाडीचं दार लावण्याआधी तो हे विचारायचाच. नुसतं विचारून भागत नसे. वाकून प्रत्येक लेकराचे हात बघायचा, दहाची दहा बोटं मांडीवर दिसली की मगच दार ओढायचा. दुसऱ्या कुणी दार लावलेलं त्याला चालत नसे. एकदा रोहणा गावाला वरात घेऊन गेला, तेव्हा त्यानं फेटा बांधलेल्या नवरदेवालाही तसंच विचारलं, आणि त्या बिचाऱ्यानं मेंदीचे दोन्ही हात मुकाट्यानं वर करून दाखवले. वऱ्हाडी आठवडाभर हसत होते. त्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "दाराले काय समजते सर, नवरदेव हाये का कोन?"

हिंगणघाटला आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घरासमोर आठ माणसांची जुनी पांढरी जीप. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. लग्न, दवाखाना, परीक्षेचं सेंटर, काहीही असो, गल्लीतली माणसं त्याच्याकडेच जायची. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याच्या भरवशावर म्हातारी आई आणि तान्हं पोर सोडतो, आणि त्याच्याबद्दल आपल्याला फारसं काही ठाऊक नसतं. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, म्हणून तो मला 'सर' म्हणायचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी तोंडावर त्याला 'भाऊ' आणि 'तुम्ही' म्हणायचो. मनात मात्र तो कायम 'तो'च होता.

गाडीसमोर गाईगुरं आली तर तो हॉर्न वाजवत नसे. इंजिन बंद करून बसून राहायचा. आंजीला जाताना एकदा शेळ्यांच्या कळपापायी माझं लग्न चुकायचं राहिलं. म्हणजे मी ज्या लग्नाला चाललो होतो ते. मी चिडलो तर म्हणाला, "रस्ता त्याहीचाच होता सर. आपुन मंग आलो."

तो मूळचा जंगलातला, हे मला ताडोब्याच्या त्या सहलीच्या दिवशी कळलं.

एप्रिल महिना होता. मुलांच्या परीक्षा संपल्या होत्या. माझी मुलगी सानू आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. दोघांनी वाघाचा ध्यास घेतला होता. पुण्याहून माझा मेहुणा आला होता, मोठा कॅमेरा घेऊन. आम्ही दुपारच्या फेरीच्या सहा जागा घेतल्या: आम्ही चौघं, मेहुणा आणि माझी आई. सकाळी जाममार्गे निघालो. समुद्रपूर गेलं, गिरड गेलं. मुलं मागून प्रश्न विचारत होती आणि तो आरशातून उत्तरं देत होता.

"काका, तुम्ही वाघ पाहिला आहे?"

"वाघ म्हंजे आमच्या गावचा पोलीस पाटीलच होता बाबू. दिसे नाई, पन हाये हे सबन गावाले मालूम राहे."

"तुमच्या गावात वाघ?"

"गाव जंगलातच होतं ना. आता नाई. आता उठवलं तिथून."

मेहुण्यानं विचारलं, किती वर्षं झाली. तो म्हणाला, बारा-तेरा झाले असतील. गावाला बाहेर जमीन मिळाली, बाकीचे तिकडे राहिले; हा बायकोला घेऊन तिच्या भावांकडे हिंगणघाटला आला. आम्ही पुढे विचारलं नाही. मुलांना पापड हवे होते.

गेटवर पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आईचे गुडघे धरले होते. उघडी जिप्सी, तीन तास हादरे, तिनं हात जोडले. "तुम्ही जा. मी इथं झाडाखाली पडते." जिप्सीतली सहावी जागा रिकामी झाली. खिडकीतला माणूस म्हणाला, दुसरं कुणी येणार असेल तर ओळखपत्र द्या, नाव बदलून देतो.

तो माझ्याजवळ आला. आजवर त्यानं माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं, म्हणून असेल, पण तो काय म्हणतो हे मला आधी समजलंच नाही.

"सर, मी येऊ का? तुमच्या मांगं बसतो. आवाज नाई करत."

मी म्हटलं, "तुम्हाला काय नवीन आहे भाऊ जंगल?"

त्यानं टोपी काढली. "गावाच्या शिवेवर मोहाचं झाड हाये एक. तिथं आमची पोरगी हाये. तीन सालची होती. तापानं गेली. लहान लेकराले जाळत नाई ना, तिथंच ठेवलं तिले. गाव उठलं तवापासून मी गेलोच नाई. जिप्सी तिकडूनच जाते म्हन्ते."

मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मलाही ते तेव्हा कळत होतं. पण मेहुण्यानं कॅमेऱ्याची बॅग त्या जागेवर ठेवूनही टाकली होती. तो इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाला की फॅमिली ट्रिप आहे, ड्रायव्हरला कशाला, शिवाय लेन्स कुठं ठेवू. बायको माझ्याकडे बघत होती. मी त्या पुण्याच्या माणसासमोर ओशाळलो. कशाला ओशाळलो, ते आजही सांगता येत नाही.

"पुढच्या वेळी नक्की भाऊ," मी म्हणालो. "आणि आई एकटी कशी राहील इथं?"

हे कारण मला ऐन वेळी सुचलं आणि सुचल्याचं बरंही वाटलं.

"हो ना, ते बी बराबर हाये," तो म्हणाला. टोपी घातली. "मंग एवढं करजा सर. ते मोहाचं झाड हाये का, तेवढं पाहजा. एकलंच हाये, खाली काळा गोटा हाये मोठा. हाये का नाई, तेवढंच सांगजा."

सानू जिप्सीत चढून बसली होती. तिनं हे सगळं ऐकलं.

तासाभरानं गाइडनं हात करून दाखवलं. "इथं पूर्वी गाव होतं." समोर नुसतं गवत, पिवळं, लांबपर्यंत. मी मान वळवली, तेवढ्यात समोरून आलेल्या जिप्सीवाल्यानं खूण केली, पाण्यावर वाघीण बसली आहे. आमच्या ड्रायव्हरनं गाडी दामटली. धूळ उडाली. मुलाला मी मांडीवर घट्ट धरलं. वाघीण खरंच होती, पाण्यात अर्धी बुडून, दोन बछडे काठावर. पाऊण तास आम्ही श्वास रोखून बसलो. मेहुण्यानं किती फोटो काढले याची गणती नाही. परतताना दुसरी वाट धरली. झाडाची आठवण मला गेट दिसल्यावर झाली.

तो गेटवर उभाच होता. आईच्या डोक्याला ओला दुपट्टा बांधून दिला होता, कुठून तरी ताक आणून पाजलं होतं. आधी त्यानं मुलांची गोष्ट ऐकून घेतली, अगदी शेवटपर्यंत. वाघिणीनं शेपटी कशी हलवली, हे माझ्या मुलानं तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा तो हसला. मग माझ्याकडे वळला.

"सर, थे झाड?"

"आहे ना!" मी म्हणालो. "चिंच चांगली उभी आहे. हिरवीगार."

तो माझ्याकडे बघत राहिला. फार वेळ नाही. मग म्हणाला, "बरं झालं," आणि गाडीकडे गेला.

आम्ही निघालो. चिमूरच्या पुढे आल्यावर मागच्या सीटवरून सानूचा आवाज आला, स्वच्छ, वर्गात उत्तर दिल्यासारखा. "पप्पा, काका मोहाचं झाड म्हणाले होते. चिंच नाही. आणि आपण तर तिथं थांबलोच नाही."

मेहुणा कॅमेऱ्यात बघत होता. आई माझ्याकडे बघत होती.

गाडी चालवता चालवता तोच बोलला. "तिथं थांबू देत नाई ना बाई. पप्पानं चालत्या गाडीतून पायलं. चालत्या गाडीतून झाडं सारखेच दिसते."

माझ्या लेकीसमोर मला खोटं पडू दिलं नाही त्यानं. असं कुणी आपल्याला सांभाळून घेतलं की कृतज्ञता वाटते म्हणतात. मला राग आला, त्याचाच. हिंगणघाट येईपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "बसवलं असतं त्याला, तर काय झालं असतं रे?"

त्यानंतरही तो आमच्याकडे येत राहिला, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत राहिला. वागण्यात फरक नव्हता. फरक असता तर बरं झालं असतं. पावसाळ्यानंतर जंगल पुन्हा सुरू झालं तेव्हा मी दोन जागा घेतल्या, एक त्याची, एक माझी, आणि त्याच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. त्यानं मला दारातच थांबवलं आणि आत वळून पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"नाई सर. आता नाई जात मी."

"भाऊ, मी त्या दिवशी..."

"मालूम हाये मले." त्यानं मला पुढे बोलू दिलं नाही. "हिले सांगतलं मी, झाड हाये, सरनं पायलं. बारा साल झाले, पोरीचं नाव काढलं का ही उठून जाये. त्या दिवशी बसून आयकलं तिनं. रडली, मंग जेवली बी. आता मी गेलो अन् झाड नसलं, त येऊन काय सांगू तिले? राहू द्या आता."

पुढच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग दवाखान्यात नेलं, ते उशिराच. आठव्या दिवशी तो गेला. जीप त्याच्या साळ्यांनी नेली. गल्लीनं दुसरा गाडीवाला शोधला. तो फोन केला की येतो, दारं आपली आपण लावायची असतात.

तेरवीला मी सानूला घेऊन गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आजवर मी त्यांना दोन वाक्यांपलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. मला पाहून त्यांनी पदर सावरला आणि जवळ बसायला सांगितलं.

"सर, तुमी पायलं होतं ना थे झाड?"

"हो वहिनी."

"हे सांगत. मोठं झालं आसन आता." त्या थोड्या पुढे सरकल्या. "मोहाचे फुलं पडून होते का खाली? तिले लय आवडे. सकाळीच जाऊन फराकीत येचून आने."

एवढ्या बायकांमध्ये त्या फक्त माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"होते वहिनी," मी म्हणालो. "सडा पडला होता."

त्यांनी मान हलवली, दोन-तीनदा, आणि डोळे मिटले.

सानू माझ्या शेजारीच बसली होती. एव्हाना ती नऊ वर्षांची झाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलली नाही.