कोणी उतरू नका

ललिताचा फोन आला तेव्हा मी गोंदियात, घरी, दिवसभराच्या कामांची यादी करत बसले होते. पहिलंच काम होतं मिलिंदच्या गाडीसाठी शोरूमला फोन करायचं. माझी भावजय रडत नव्हती. “ताई, ह्यायले दवाखान्यात आणलं, पण... तुम्ही या,” एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला, कागदपत्रांची पिशवी घेतली, शेजारी किल्ली दिली. सगळं क्रमानं केलं. पोहोचले तेव्हा माझ्या धाकट्या भावासाठी, मिलिंदसाठी, करण्यासारखं एकही काम उरलं नव्हतं.

मिलिंद दरेकसा या त्याच्या गावाहून प्रवासी गाडी चालवायचा. नवी डिझेल गाडी घेतली तेव्हा त्यानं आम्हा सगळ्यांना तिच्यात बसवून नागऱ्याच्या देवळापर्यंत फिरवून आणलं होतं. सपाट रस्त्यावर ती झकास चालायची. पण गाव सोडल्यावर जो चढ लागतो, तिथं भरलेली गाडी दम टाकायची. मग प्रवाशांनी उतरून चालत वर यायचं आणि वर पुन्हा बसायचं, ही त्या रस्त्यावरची जुनीच रीत. इतर गाड्यांमध्येही हेच चालायचं, कुणाला त्याचं काही वाटत नसे. एकदा बाजाराला निघालेली एक म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवत वर आली आणि म्हणाली, “नवी गाडी घेतली म्हने पोरा, अन् मले पायदळच आणलं!” सगळे हसले. मिलिंदही हसला, पण ते त्याच्या मनातून गेलं नाही.

पुढं तो नागपूरला जाऊन साबणाच्या वडीएवढा एक काळा डबा बसवून आला. बॉनेटखालच्या वायरीत तो जोडला की इंजिनात जास्त डिझेल जातं आणि ताकद वाढते. मी पहिला प्रश्न विचारला तो वॉरंटीचा. “सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवीन ना वो ताई! तू कायले भेऊन राहिली?” आणि खरंच, सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी तो डबा निघायचा आणि स्वयंपाकघरात तिखटाच्या बरणीमागं जाऊन बसायचा. “आली माझी सवत माहेरपणाले,” ललिता म्हणायची. गाडी परत आली की सवत पुन्हा सासरी.

त्या दिवसांतला मिलिंद मला आठवतो. चढाच्या पायथ्याशी लोक सवयीनं दाराला हात लावायचे आणि तो मोठ्यानं ओरडायचा, “कोणी उतरू नका!” वर पोहोचला की आरशातून मागं एक नजर टाकायचा. ती म्हातारी पुढच्या सीटवर बसायची. “हवाई जहाज झालं रे तुझं,” म्हणायची. त्याला एवढंच हवं होतं.

उन्हाळ्यात, त्याच चढावर, भरलेल्या गाडीनं काळा धूर टाकला आणि ती थांबली. मिलिंदनं लोकांना उतरवलं आणि आधी डबा काढून खिशात घातला. वर्कशॉपमधला माणूस सभ्य होता. “भैया, पिस्टन पिघल गया है. कंप्यूटर में सब दिख रहा है.” मिलिंद म्हणाला, “क्या दिख रहा है?” तो म्हणाला, “वही, जो आपने निकाल लिया.”

मी वॉरंटीची पुस्तिका घरी आणून खुणा करत वाचली. कुठंतरी फट सापडेल, या आशेनं पुन्हा वाचली. बाहेरचा बदल केल्यामुळं जे बिघडलं ते वॉरंटीत बसत नाही, असं तिथं सरळ लिहिलं होतं. बाकीची वॉरंटी शाबूत होती. दाराची काच अडकली असती तर ती फुकट बदलून मिळाली असती. इंजिन मिळणार नव्हतं, आणि घर इंजिनावर चालत होतं. तरी आम्ही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिलो. “त्यायले सांग ना ताई, मी हौसेसाठी नाही केलं,” मिलिंद म्हणायचा. मी सांगितलं. मॅनेजर म्हणाले, “मशीन वजह नहीं समझती, दीदी.” ते चुकीचं बोलत नव्हते. चूक मिलिंदची होती. बहीण असून मी हे लिहिते, कारण असे डबे आपल्या जिल्ह्यात अजून कितीतरी बॉनेटखाली आहेत.

गाडी ओढून अंगणात आणून ठेवली. तो सकाळी उठून तिच्यात जाऊन बसायचा, स्टिअरिंगवर हात ठेवून. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मी गेले की एकच विचारायचा, “होईन ना वो ताई?” मी दर वेळी पुढचा एखादा अर्ज सांगायचे... माझ्याकडे नेहमीच पुढचं काहीतरी असायचं.

त्या सकाळी त्याच्या छातीत दुखायला लागलं. गावातल्या कितीतरी लोकांना त्यानंच दवाखान्यात पोहोचवलं होतं. त्याची स्वतःची गाडी अंगणात मुकी उभी होती. शेजाऱ्याची जुनी जीप आली. मागच्या बाकावर त्याला निजवलं, सोबत चार माणसं बसली. चढावर जीप थांबली. माणसं न सांगताच उतरली आणि मागून ढकलू लागली. ललिता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला नंतर सांगितलं, की तो उठायला धडपडत होता. म्हणत होता, “मले बी उतरू द्या... गाडी चढंन.” त्यानंतर तो काही बोलला नाही.

मिलिंदसाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला. मी निघताना ललितानं बरणीमागून डबा काढून माझ्या हातात दिला. “तुम्हीच न्या ताई. मले फेकताही नाही येऊन राहिलं अन् ठेवताही.” दोन्ही पोरं तिच्यामागं उभी होती. त्यांच्या शाळेचं, घराचं, त्या गाडीचं काय करायचं, ते मी लिहून पाठवीन, असं मी म्हणाले. अजून पाठवलेलं नाही.

परतीला भाड्याची जीप मिळाली. पायथ्याशी ड्रायव्हर म्हणाला, “चला, उतरा सगळे.” सगळे उतरले. मी आयुष्यभर रांगेत उभी राहिलेली, सांगितलेलं ऐकणारी बाई. डबा मांडीवर होता.

“काकू, तुम्ही काऊन बसून राहिल्या? गाडी नाही चढणार.”

“मी नाही उतरत,” मी म्हणाले.

त्यानं इंजिन बंद केलं. रस्त्यावर उभे राहून सगळे माझ्याकडे बघत होते, आणि यानंतर काय करायचं असतं, ते मला आठवत नव्हतं.