बंबाचं टोपलं

तळोद्यात जहीर मिस्त्रींचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पलंग, पाट, लोकांची देवघरं असं सगळं त्यांनी केलं. उरलेल्या सागाच्या तुकड्यांचं काय करायचं म्हणून एकदा लाकडी कोडी करून पाहिली, आणि हळूहळू पलंग मागं पडून कोडीच राहिली. सहा कांड्या घ्यायच्या, पाचांना खाचा पाडायच्या, एकमेकींत अडकवत न्यायच्या. सहावी कांडी बिनखाचेची, ती चावी. चावी आत सरकली की सहाही कांड्यांची गाठ पक्की.

सांगायला सोपं आहे. खाच केसभर रुंद झाली तर गाठ खुळखुळते, केसभर अरुंद राहिली तर बसतच नाही. त्यात मशीनची करवत नुसती कापत नाही, आपल्या पात्याच्या जाडीएवढं लाकूड खाऊन टाकते. मिस्त्रींनी सुरुवातीला सगळं नजरेच्या अंदाजानं कापलं आणि त्या अंदाजात डाव्या तर्जनीचं एक पेर गमावलं. तेव्हा त्यांची बायको अख्तरबानो जेवायला वाढता वाढता म्हणाली, "फर्मा करा. नहीं ते हाई मशीन मी भंगारमा दी टाकसू."

ती बोलल्याप्रमाणे करणारी होती, म्हणून फर्मा झाला. मशीनवर मागंपुढं सरकणारी एक पाटी आणि तिच्यावर कांडी टेकवायला एक अडण. कांडी अडणीला लावायची आणि पाटी ढकलायची. हात करवतीपासून लांब राहतो आणि शंभरावी कांडी पहिलीसारखीच निघते. मिस्त्रींना या फर्म्याचं इतकं कौतुक, की दुकानात कुणी आलं की चहाच्या आधी फर्मा दाखवायचे.

पण माल पास करायची ती अख्तरबानो. तिची रीत ठरलेली होती. अंगठ्याच्या एका दाबात चावी आत गेली पाहिजे आणि गाठ उलटी करून हलवली तरी पडता कामा नये. पडली, की ती गाठ बंबाच्या टोपल्यात. सकाळी तिच्यावर आंघोळीचं पाणी तापायचं. मिस्त्रींचा जीव तुटायचा. "इतलीशीच ढिल्ली शे ना, बानो. पोरंच ते खेळतीन."

"पोरं खेळतीन, पण नाव तुमनं शे," ती म्हणायची. टोपल्यात गेलेली वस्तू तिनं कधी परत बाहेर काढू दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घशातून नुसता आवाज यायचा, शब्द नाही. मुलगी सबीहा विसरवाडीहून आली, जमेल तितकी राहिली, पण तिलाही तिचा संसार होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, हात परत यायचा असेल तर याच काही महिन्यांत येईल, बोटांना त्यांच्या सवयीचं काम द्या. मिस्त्रींनी तिची खाट दुकानातच आणली. पाच कांड्या अडकवलेली गाठ मांडीवर ठेवायची आणि चावी तिच्या उजव्या हातात द्यायची, हा रोजचा नेम झाला.

आधी चावी हातातून पडायची. मग बोटं तिला धरायला लागली. मग चावी खाचेच्या तोंडापर्यंत जाऊन अडायला लागली, आणि तिथंच अडून राहिली. अख्तरबानो दातावर दात धरून जोर लावायची, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी तोंड भिंतीकडं फिरवायची. मिस्त्रींना ते बघवेना.

आणि त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. अडणीला कॅलेंडरच्या कागदाचा एक तुकडा चिकटवला. कागदाएवढी कांडी करवतीकडं सरकली, कागदाएवढी चावी बारीक झाली. तरी अडली. त्यांनी दुसरा कागद लावला, मग तिसरा. दुसरा कुणी अशा वेळी बायकोशी गोड खोटं बोलला असता. मिस्त्रींना बोलणं कुठं जमत होतं? त्यांनी खोटं कापलं.

त्या दुपारी चावी आत गेली.

"रंजनाबाई, ओ रंजनाबाई! आठे या! बशी गयी देखा!" मिस्त्री शेजारणीला हाका मारत दारात धावले. रंजनाबाई पिठाच्या हातांनी आली, तिचे डोळे भरून आले, ती म्हणाली, "हात परत ऊना वो माय, हात ऊना." मिस्त्री साखर आणायला आत वळणार, तेवढ्यात अख्तरबानोनं डाव्या हातानं ती गाठ उचलली आणि उलटी केली. चावी गोधडीवर पडली.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ओठ बराच वेळ जुळत नव्हते. मग लकव्यानंतरचा पहिला धड शब्द तिच्या तोंडून निघाला.

"ढिल्ली."

तिचा आवाज ऐकायला आसुसलेला माणूस तो ऐकून खालमानेनं उभा राहिला. रंजनाबाईला काही कळलं नाही. अख्तरबानोनं पडलेली चावी गाठीत परत सारली, गाठ खाटेशेजारच्या टोपल्यात टाकली आणि डोळे मिटून घेतले.

मिस्त्रींनी तिच्या देखत अडणीचे कागद खरवडून काढले. नवी चावी कापली, खऱ्या मापाची. अख्तरबानो ती रोज दुपारी खुणेनं मागून घ्यायची, पण चावी खाचेच्या तोंडाशीच अडायची. मिस्त्रींनी हात पुढं केला की ती गुरकायची. टोपलं तसंच पडून राहिलं. बंब पेटवणारीच खाटेवर होती, पाणी गॅसवर तापायचं.

रमजानच्या आधी दुसरा झटका आला आणि अख्तरबानो गेली.

मय्यतीच्या आंघोळीला कोमट पाणी लागतं, आणि ते भरपूर लागतं. सबीहानं परसात बंब मांडला आणि टोपलं उचलून नेलं. वरचीच गाठ हातात घेऊन ती थबकली. "अब्बा, हाई ते चांगली शे. ठेवू का?"

मिस्त्रींनी ती ओळखली. लकव्यानंतर बायकोच्या हातानं जुळलेली तेवढी एकच होती. त्यांना ती छातीशी धरून रडायचं होतं, पोरीसमोर, आल्यागेल्यासमोर. त्यांनी गाठ घेतली आणि उलटी केली. चावी तळहातावर पडली.

"ढिल्ली शे, बेटा," ते म्हणाले, आणि दोन्ही त्यांनी स्वतःच्या हातानं बंबात टाकल्या. सागाचं लाकूड भराभर पेटलं. त्या पाण्यानं बायकांनी अख्तरबानोला शेवटची आंघोळ घातली.